विमानाच्या इंजिनाला विजेचा पाण्याचा पंप: ११५ की १५०, हे नंतर ठरवू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरी बांधत असलेल्या दोन आसनी विमानाला तुम्ही गाडीचं दीड लिटरचं, शंभर हॉर्सपॉवरचं इंजिन लावताय. रिडक्शन गिअरबॉक्स (प्रोपेलरसाठी वेग कमी करणारा) फ्लायव्हीलच्या बाजूला गेल्यामुळे पट्ट्याची बाजू फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या भिंतीकडे, आली आणि मूळचा पाण्याचा पंप इंजिन माउंटच्या नळीला भिडतोय. म्हणून तो काढून विजेचा पंप लावायचा आहे. समोर दोन पर्याय आहेत, मिनिटाला ११५ लिटरचा आणि १५० लिटरचा. कोणता घ्यावा, आणि एक पुरेल का?

गाडीची इंजिनं विमानाला लावण्याच्या उद्योगात मी बरीच वर्षं घालवली आहेत आणि विजेच्या पंपांनी मला दोनदा चांगलाच घाम फोडला आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी एक नावडता सल्ला देतो. माउंटची नळी थोडी वळवून किंवा पंपाचं तोंड कापून, फिरवून वेल्ड करून मूळ पंप वाचत असेल तर वाचवा. रोटॅक्स ९१२ सारख्या विमानासाठीच बनवलेल्या इंजिनातही पाण्याचा पंप इंजिनच फिरवतं. प्रोपेलर फिरतोय तोवर पाणी फिरतंय, इतका तो साधा हिशेब आहे. विजेचा पंप आला की पाणी फिरण्यासाठी अल्टरनेटर, बॅटरी, फ्यूज, स्विच आणि चार-सहा जोड या सगळ्यांनी आपापलं काम करावं लागतं. पट्टाही तुटतो, हे खरं. आणि तुमचं इंजिन इंजेक्शनचं असल्यामुळे वीज गेली तर ते तसंही बंदच पडणार आहे. तेव्हा विजेचा पंप म्हणजे वेडेपणा असं मी म्हणणार नाही. बीएमडब्ल्यूने एन ५२ इंजिनात मुख्य पंपच विजेचा दिला, टोयोटाने तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये तेच केलं, आणि त्या गाड्या लाखोंनी धावल्या. फरक एवढाच की गाडीत दिवा लागला की कडेला थांबता येतं.

आता ११५ आणि १५० या आकड्यांकडे येऊ. हे आकडे पंपाला समोरून काहीच अडथळा नसतानाचे असतात. म्हणजे एका बादलीतून पाणी घ्यायचं आणि आखूड, जाड होजमधून दुसऱ्या बादलीत सोडायचं. तुमच्या विमानात तेच पाणी ब्लॉकमधल्या अरुंद वाटांतून, हेड गॅस्केटच्या भोकांतून, थर्मोस्टॅटमधून (पाणी तापलं की उघडणारी झडप), रेडिएटरच्या नळ्यांतून आणि तीन-चार कोपऱ्यांतून जाणार आहे. या प्रत्येक ठिकाणी दाब खर्च होतो. अशा सेंट्रिफ्युगल, म्हणजे फिरत्या चाकाने (इम्पेलरने) पाणी ढकलणाऱ्या, पंपाचा स्वभावच असा की समोरचा दाब वाढला की प्रवाह घटतो. त्यामुळे ‘पंप किती लिटरचा’ हा प्रश्न अर्धवट आहे. ‘इतक्या दाबासमोर किती लिटर’ असं विचारायला हवं. आलेखावरची ती रेघ जो विक्रेता देत नाही, त्याचा पंप मी घेत नाही. नुसतं लेबल वाचून पंप घेणं म्हणजे बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

तुम्हाला खरोखर किती पाणी लागेल ते आधी काढू. शंभर हॉर्सपॉवर म्हणजे ७५ किलोवॉट. पूर्ण ताकदीवर गाडीचं इंजिन शाफ्टला जेवढी शक्ती देतं, त्याच्या साधारण पन्नास ते सत्तर टक्के उष्णता पाण्यात टाकतं. नेमकी किती, ते इंजिनावर, टायमिंगवर आणि ऑइल कूलर वेगळा आहे की नाही यावर अवलंबून असतं. तुमच्यासाठी मी ४५ किलोवॉट धरतो. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण गरम असताना एक लिटर एक अंशाने तापायला सुमारे ३.७ किलोज्यूल घेतं. इंजिनात शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानात दहा अंशांपेक्षा जास्त फरक नसावा, असा माझा नेम आहे. ४५ ला ३७ ने भागलं की सेकंदाला १.२ लिटर येतात, म्हणजे मिनिटाला सुमारे ७३ लिटर.

आकडा ११५ पेक्षा बराच कमी आहे, मग अडचण कुठे? घोडं पेंड खातं ते इथेच.

एका मित्राच्या इंजिनासाठी आम्ही शेडमध्ये मोजणी केली होती. इंजिन तुमच्याच मापाचं होतं. ते स्टँडवर ठेवलं, रेडिएटर आणि विमानात जाणार तेच होज जोडले, थर्मोस्टॅट उघडा राहावा म्हणून त्यात लाकडाची खुंटी अडकवली आणि परतीचा होज वीस लिटरच्या खुणेच्या बादलीत सोडला. पंपाच्या तोंडाशी टी-जोड घालून एक छोटा दाबमापक लावला. ११५ चा पंप, गाडीची बॅटरी, तिला चार्जर, हातात स्टॉपवॉच. १३.५ व्होल्टवर बादली भरायला जवळजवळ एकोणीस सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला ६४ लिटर, आणि दाबमापक एक तृतीयांश बारच्या आसपास. मित्राने मोजणी तीनदा करायला लावली. मग आम्ही चार्जर काढला, दिवे लावून बॅटरी मुद्दाम उतरवली आणि ११.५ व्होल्टवर पुन्हा मोजलं. ५४ लिटर.

हा दुसरा आकडा लिहून ठेवा, कारण अल्टरनेटर गेल्यावर तुमच्याकडे तेवढंच पाणी उरणार आहे. ब्रशवाल्या साध्या मोटरचा वेग व्होल्टेजबरोबर घटतो. वेगाबरोबर प्रवाह त्याच प्रमाणात घटतो, पण दाब वर्गाच्या प्रमाणात. वेग वीस टक्के कमी झाला तर पंप जेमतेम चौसष्ट टक्के दाब देतो. बॅटरीवर उडायची वेळ येते तेव्हाच पंप सगळ्यात दुबळा असतो. पाण्याचं सर्किट चाचपायला १२ व्होल्टचं स्थिर पॉवर सप्लाय लावून मिळालेले आकडे म्हणूनच फसवे निघतात.

तुमच्या सर्किटचा अडथळा किती, ते मी इथे बसून सांगू शकत नाही. त्याच कंपनीच्या दोन इंजिनांत दुप्पट फरक पाहिला आहे. होजचा हिशेब मात्र सांगता येतो. मिनिटाला १०० लिटर पाणी २५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या होजमधून सेकंदाला ३.४ मीटर वेगाने धावतं, ३२ च्या होजमधून २.१ मीटरने. दाबाचं नुकसान वेगाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे नुसता व्यास २५ वरून ३२ केला तर कोपऱ्यांमधलं नुकसान जवळजवळ तिपटीने कमी होतं. कोणी १९ मिलिमीटरचे हीटरचे होज वापरून वजन वाचवलं म्हणून सांगत असेल तर त्याचं तापमान विचारा. एखादा काटकोनी एल्बो काढून तिथे मोठ्या वळणाची नळी घालण्यात जे मिळतं, ते मोठा पंप घेऊनही कधी कधी मिळत नाही.

एका समजाचा निकाल इथेच लावतो, कारण तुम्ही तो ओझरता लिहिला आहे: ‘पाणी फार वेगात गेलं तर रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही.’ हे खरं नाही. पाणी बंद चक्रात फिरतंय. रेडिएटरमध्ये ते कमी वेळ राहतं, पण तितक्याच जास्त वेळा येतं, आणि वेगामुळे धातूकडून उष्णता घेणं आणि धातूला देणं दोन्ही सुधारतं. थर्मोस्टॅट काढून टाकल्यावर काही इंजिनं जास्त तापतात, त्यावरून हा समज पसरला असावा. तिथे खरं कारण बहुधा बायपासची वाट उघडी राहणं हे असतं. पाणी रेडिएटर टाळून आतल्या आत गोल फिरतं.

बायपासवरून आठवलं. मूळ पंप काढल्यावर त्याचं घर तसंच राहतं आणि त्यात दोन-तीन भोकं असतात. एक बायपासचं, एक हीटरचं, एखादं थ्रॉटल बॉडीचं. यातलं कोणतं बंद करायचं आणि कोणतं नाही, हे थर्मोस्टॅट कुठे आहे यावर ठरतं. पाणी इंजिनातून बाहेर पडतं त्या टोकाला तो असेल तर काम सोपं. सुबारूच्या ईजे मालिकेसारखा तो आत शिरण्याच्या टोकाला असेल, तर इंजिनातलं गरम पाणी बायपासमधून त्याच्या पाठीवर पडल्याशिवाय तो उघडतच नाही. असा बायपास कोणी हौसेने बूच मारून बंद केला की हेड उकळतं आणि थर्मोस्टॅट मात्र थंड पाण्यात गाढ झोपलेला असतो. हातात इंजिन घेऊन पाण्याची पूर्ण वाट खडूने रंगवा. मी अजूनही तसंच करतो.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो: एक की दोन?

पंप थांबला तर हातात किती वेळ असतो ते बघा. हेड आणि ब्लॉकचं तीसेक किलो ॲल्युमिनियम आणि इंजिनात अडकलेलं तीन लिटर पाणी मिळून एका अंशाला सुमारे ३८ किलोज्यूल घेतात. चढाईत ४५ किलोवॉट त्यात ओतले जातात. ९० अंशांवरून उकळण्यापर्यंत जायला वीस ते पंचवीस सेकंद. हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास तर त्याच्याही आधी वाफ धरते. टेकऑफनंतर तीनशे फुटांवर पंप गेला तर तुम्हाला कळायच्या आत खेळ आटोपलेला असू शकतो.

म्हणून माझं उत्तर दोन पंप, एकामागे एक. त्याच मित्राच्या इंजिनावर ११५ चे दोन पंप ओळीत लावले तेव्हा १३.५ व्होल्टवर ७८ लिटर मिळाले. दुप्पट मिळत नाहीत, याने निराश होऊ नका. प्रवाह वाढला की अडथळा वर्गाने वाढतो. मुद्दा पुढे आहे. एक पंप बंद केला तर पाणी थांबलेल्या इम्पेलरच्या फटींतून जात राहतं, थोडा अडथळा होतो, आणि मोजून ५८ लिटर मिळाले. क्रूझच्या ताकदीवर तुमचं इंजिन पाण्यात तीसेक किलोवॉट टाकेल. ५८ लिटरवर तापमानाचा फरक साडेआठ अंशांच्या आत राहतो. म्हणजे चढाईला दोन, आणि एक गेला तर ताकद थोडी कमी करून निवांत घरी.

समांतर जोडणी कागदावर तितकंच पाणी देते. पण एक पंप थांबला की दुसऱ्याचं पाणी त्याच्यातून उलटं फिरून परत येतं, इंजिनाकडे जातच नाही. ते टाळायला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावावे लागतात, आणि त्या व्हॉल्व्हची जीभ गाळाने चिकटली तर? दुखणं बरं करायला आणखी एक दुखणं. मी समांतर जोडणी एकदाच केली आणि त्याच वर्षी उपसून टाकली.

तर मग १५० चे दोन का नको? घेऊ शकता. पण दोघे मिळून किती अँपिअर खातात ते आधी मांडा. ११५ च्या मापाचा एक पंप माझ्या मोजणीत साडेसात-आठ अँपिअर घेत होता, म्हणजे जोडीचे सोळा. त्यावर इंधनाचा पंप, इग्निशन, इंजेक्शनचा संगणक, रेडिओ, ट्रान्सपाँडर. समजा सगळं मिळून ३० अँपिअर झाले आणि तुमची बॅटरी १८ अँपिअर-तासांची आहे. जुन्या बॅटरीतून भरवशाने सत्तर टक्के निघतात असं धरा. अल्टरनेटर गेल्यावर पंचवीस मिनिटं. एक पंप बंद केला तर चौतीस. तुमच्या भागात पुढचं मैदान किती मिनिटांवर असतं ते तुम्हीच जाणता. आपल्या इंजिनावर ११५ ची जोडी मिनिटाला ७० लिटरच्या पुढे जात असेल तर १५० च्या जोडीचे जादा अँपिअर मला परवडत नाहीत. ५० च्या आसपासच अडकत असेल तर आधी होज आणि कोपरे बघा, मग पंप.

गाड्यांमधून निघणारे ब्रशलेस पंपही बरेच जण वापरतात. पियरबर्गच्या सीडब्ल्यूए मालिकेतले पंप दाबासमोर चांगला प्रवाह देतात, त्यांना शाफ्टचं सील नसतं आणि ब्रश झिजण्याचा प्रश्न नाही. मला ते आवडतात. पण त्यांना वेगाचा सिग्नल लागतो. सिग्नलची तार तुटली तर पंप पूर्ण वेगाने धावतो, मंद होतो की थांबतो, हे त्या पंपाच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सवर ठरतं. पुस्तकात काय लिहिलंय यावर विसंबू नका. बाकावर पंप चालू करा, पक्कडीने तार कापा आणि बघा. थांबत असेल तर तो पंप विमानात नको.

त्याच कारणासाठी पंपाबरोबर मिळणारा तो हुशार कंट्रोलरही घेऊ नका, जो इंजिन थंड असताना पंप थांबवून थांबवून चालवतो. गाडीला तो छान. विमानात पंप सतत चालू आणि तापमान सांभाळायला साधा मेणाचा थर्मोस्टॅट, एवढंच पुरे. उतरताना इंजिन गार पडू नये म्हणूनही थर्मोस्टॅट हवाच.

वायरिंगचं थोडक्यात सांगतो. दोन्ही पंपांना वेगळा फ्यूज, वेगळा स्विच, वेगळी अर्थची तार, आणि जमल्यास वेगळी बस (वीज वाटणारी पट्टी). दोन पंप एकाच अर्थच्या बोल्टवर आवळले तर ते दोन नाहीत, एकच. माझ्या पहिल्या घामाचं कारण तेच होतं. पेंट खरवडायचा राहिलेला एक अर्थचा टॅग, दोन्ही पंप त्यावर, आणि धावपट्टीवर टॅक्सी करताना दोन्ही एकदम मंदावले. निदान एक पंप मास्टर स्विच न ओलांडता थेट बॅटरीवरून चालवा, म्हणजे धूर दिसला म्हणून मास्टर बंद केला तरी पाणी फिरत राहील. सुरू होताना मोटर क्षणभर दुपटी-तिपटीने करंट खेचते, त्यामुळे फ्यूज चालू करंटच्या जेमतेम वर ठेवू नका.

पंप बसवायचा कुठे? रेडिएटरमधून थंड झालेलं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे, आणि सर्किटमध्ये होईल तितका खाली. पंपाच्या शोषणाच्या तोंडाशी सर्वांत कमी दाब असतो. पाणी गरम असेल आणि वर रेडिएटरचा अडथळा असेल तर तिथेच वाफेचे बुडबुडे होतात आणि पंप नुसता घुसळत राहतो. उंचीवर हे आणखी बिघडतं. रेडिएटरची १ बारची कॅप म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा १ बार जास्त. समुद्रसपाटीला त्या दाबाखाली साधं पाणी १२० अंशांना उकळतं. दहा हजार फुटांवर बाहेरचा दाब ०.७ बार, म्हणून तेच पाणी ११५ च्या आसपास. ग्लायकॉलमुळे काही अंश वाढतात, पण गळकी कॅप असेल तर सगळं मुसळ केरात. हेडर टाकीची (सर्किटच्या माथ्यावरची पाण्याची छोटी टाकी) खालची नळी पंपाच्या शोषणाच्या बाजूला जोडा. पंप आडवा बसवा, बाहेरचं तोंड वरच्या दिशेला, म्हणजे हवा आत अडकत नाही. तुमचं विमान टेल-ड्रॅगर, म्हणजे शेपटीखाली चाक असलेलं, असेल तर शेपूट जमिनीवर असताना आणि नाक वर करून चढताना, दोन्ही वेळा हेडर टाकीच सर्वांत वर राहते ना, हे कागदावर कोन काढून तपासा.

माझा दुसरा घाम मापकांचा होता. चाचणीच्या वेळी विमान दोरांनी बांधून पूर्ण थ्रॉटल दिला होता. तापमान ८८ वर पाषाणासारखं स्थिर. मी खूश. मग हेडर टाकीच्या ओव्हरफ्लोतून शिट्टी वाजली आणि काचेवर चिकट हिरवे शिंतोडे आले. पंपाच्या कनेक्टरची पिन मागे सरकून तो बंद पडला होता. सेन्सर हेडच्या बाहेरच्या नळीत होता आणि पाणी हलतच नसल्यामुळे तिथे गरम पाणी पोचलंच नाही. ८८ अंशांचं साचलेलं पाणी तो इमानेइतबारे दाखवत राहिला. वाफेत किंवा हवेत उघडा पडलेला सेन्सरही असाच खोटं बोलतो.

तेव्हापासून पॅनेलवर तीन गोष्टी असतात. एक सेन्सर हेडच्या धातूत, व्हॉल्व्हच्या जवळ. कूलंटच्या दाबाचा मापक, खाली गेला की दिवा लागणारा, कारण गळती तापमानाच्या कितीतरी आधी दाबावर दिसते. आणि प्रत्येक पंपाचा अँपिअर मापक. याच्यासारखा बोलका मापक नाही. शून्य म्हणजे तार तुटली. नेहमीपेक्षा बराच कमी म्हणजे पंप हवेत फिरतोय, पाणी नाही. नेहमीपेक्षा जास्त म्हणजे इम्पेलर घासतोय किंवा बेअरिंग गेलंय. नेहमीचे आकडे दोन्ही मापकांच्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. घाईत आठवत नाहीत.

एवढं सगळं करूनही चढाईत तापमान वाढलं, तर लगेच मोठा पंप शोधू नका. रेडिएटरच्या दोन्ही नळ्यांवर सेन्सर चिकटवा आणि फरक बघा. पंधरा अंश किंवा जास्त असेल तर पाणी कमी आहे, पंप किंवा अडथळा बघा. फरक चार-पाचच अंश असून दोन्ही आकडे चढत असतील तर पाणी मुबलक आहे, हवाच जात नाहीये. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. बहुतेक वेळा मला हेच आढळलं आहे. रेडिएटर काउलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) आत कुठेतरी टांगलेला, पुढे चांगली वाट नाही, मागे हवा बाहेर पडायला जागा नाही, कडेच्या फटींतून सगळी हवा पळून जाते. आत येणारी वाट हळूहळू रुंदावत न्या, कडा फोमने बंद करा, बाहेर पडायचं तोंड मोठं करा. १९३० च्या दशकात मेरेडिथ नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने रेडिएटरच्या डक्टवर (हवेच्या वाटेवर) जे काम केलं, त्याचा फायदा पुढे मस्टँग विमानाच्या पोटाखालच्या डक्टने उठवला. आपल्याला तेवढी करामत नको, पण हवेला सरळ रस्ता तर द्यायला हवा.

देखभालीत मी ब्रशवाले पंप तासांवर बदलतो, बिघडण्याची वाट बघत नाही. जोडीतले दोन्ही एकाच दिवशी नवे लावत नाही. एक तीनशे तासांचा असताना दुसरा नवा, म्हणजे एकाच वेळी म्हातारे होत नाहीत. सिलिकॉनच्या होजवर साधे स्क्रूचे क्लॅम्प पहिल्या काही तासांनंतर सैल पडतात, ते पुन्हा आवळा किंवा स्प्रिंगचे वापरा. एक्झॉस्टजवळच्या होजला फायर स्लीव्ह घाला, कारण पाणी उडून गेलं की उरलेलं ग्लायकॉल पेटतं. विजेच्या पंपाचा एक फुकटचा फायदाही घ्या. इंजिन बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं एक पंप चालू ठेवा, हेडमधली साठलेली उष्णता निघून जाते.

प्रत्येक उड्डाणाआधी रनअपला, म्हणजे जमिनीवर इंजिन चालवून बघताना, मॅग्नेटो (विमानाच्या इंजिनातले ठिणगी देणारे संच) तपासतात तसं दोन्ही पंप एकेक करून बंद करून बघा. बंद केलेल्याचा अँपिअर शून्य, दुसऱ्याचा थोडा बदललेला, दाब किंचित खाली. पंधरा सेकंदांचं काम.

आता तुमच्याकडून मला दोन आकडे हवेत: इंजिन, रेडिएटर आणि होज जोडून १३.५ आणि ११.५ व्होल्टवर बादली किती सेकंदांत भरते. बादलीचं मापही लिहा, आणि थर्मोस्टॅट कोणत्या टोकाला आहे तेही. पंप अजून विकत घेऊ नका, कोणाकडून तरी एक दिवसापुरता आणा. आकडे आले की ११५ ची जोडी की १५० ची, ते पाच मिनिटांत सांगतो.